घरातल्या शुश्रूषेची वाटणी: "लागलं तर सांग" याच्या पुढे काय?

कृष्णाकाठ

माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या असून त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन आता चौथे वर्ष सुरू आहे. आजाराबद्दल विचारायचे ते आम्ही डॉक्टरांना विचारतो आणि ते नीट समजावून सांगतात, त्यामुळे औषधांविषयी मला येथे काही विचारायचे नाही. मला विचारायचे आहे ते आजाराभोवतीच्या माणसांविषयी. सासूबाईंना तीन अपत्ये आहेत: माझे पती, ठाण्याला दिलेली मुलगी आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेले धाकटे दीर. प्रत्यक्षात त्यांचे सगळे पाहते ती मी. मी सहकारी बँकेत नोकरी करते. दिवसा बारा तासांच्या मावशी असतात आणि मी घरी आले की त्या निघतात.

अवघड वेळ तिन्हीसांजेची असते. दिवे लागले की सासूबाई कपाटातल्या दोन साड्या पिशवीत भरून दाराशी उभ्या राहतात, कारण त्यांना कऱ्हाडच्या घरी जायचे असते आणि तेथे त्यांचे वडील वाट पाहत असतात. वडील केव्हाच गेले, असे सांगितले की त्यांना तो मृत्यू दर वेळी नव्याने कळतो, म्हणून ते सांगणे आम्ही सोडून दिले. त्याऐवजी मी मेथीची जुडी पुढे ठेवते. मेथी त्या आजही सुरेख निवडतात, पाने एकीकडे आणि काड्या एकीकडे. मग मी दोन्ही आत नेऊन पुन्हा एकत्र करते आणि दुसरी जुडी म्हणून बाहेर आणून देते. अशा दोन-तीन फेऱ्यांत रात्रीच्या जेवणाची वेळ होते.

रविवारी सकाळी दिरांचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा याच सासूबाई पदर सारखा करून बसतात, "थंडी पडली का रे तिकडे" असे विचारतात आणि कोणालाही शंका येणार नाही असे दहा मिनिटे बोलतात. "आई तर छान आहे की," असे म्हणून दीर फोन ठेवतात. नणंदबाई अधूनमधून येतात, आईला आवडणारे अनारसे आणतात आणि निघताना न चुकता म्हणतात, "वहिनी, काही लागलं तर हक्काने सांग."

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याला माझी आई घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. मी मोजके दिवस जाऊन तिच्याजवळ राहिले. परतल्यावर एका नातेवाईक बाईंनी विचारले, "झालं का माहेरपण?" सासूबाईंचे करणे हे कर्तव्य आणि आईचे करणे ही हौस, हा हिशेब आमच्याकडे इतका मुरलेला आहे की त्या बाईंना आपण काही लागट बोललो असे वाटलेही नसेल.

माझा प्रश्न एवढाच आहे की "लागलं तर सांग" या वाक्यातून प्रत्यक्ष तास, दिवस आणि रुपये कसे काढायचे. ज्यांच्या घरी अशी वाटणी झाली आहे, त्यांनी ती कशी केली ते वाचायला मला आवडेल. माझे पती समजूतदार आहेत, परंतु भावा-बहिणीकडे हा विषय काढायचा म्हटले की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

पारिजात

तुमच्या यादीत पाहुण्यांची भर घालते. गौरी-गणपतीत आलेला प्रत्येक जण आमच्या मामंजींसमोर बसून "ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" अशी तोंडी परीक्षा घेत असे. ते ओशाळत, चिडत, आणि पाहुणे जेवून गेल्यावर ती चीडचीड रात्रभर आम्ही निस्तरत असू. शेवटी मी दारातच सांगू लागले की आधी स्वतःचे नाव आणि नाते सांगा आणि मग बोला. दोन घरे रुसली. रुसू देत.

अटलांटिकपार

मी तुमच्या दिरांच्या जागी असलेला माणूस आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, आई नागपूरला भावाकडे आहे आणि अर्धांगवायूमुळे अंथरुणावर आहे. परदेशातल्या भावाबद्दल "डॉलर पाठवले की सुटला" असे सहज बोलले जाते, पण व्हिसाच्या कागदपत्रांमुळे दोन-दोन वर्षे देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही अशी कुटुंबे माझ्या आसपास बरीच आहेत. तरीही तुमची तक्रार मला मान्य आहे, कारण पैशाने मावशी मिळतात, पण त्या मावशींनी सकाळी सात वाजता "आज जमणार नाही" असे कळवल्यानंतर उडणारी धांदल पैशाने टळत नाही.

आम्ही कामे अंतराच्या हिशेबाने वाटून घेतली. मावशी पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलणे, मावशी आल्या नाहीत तर बदली मिळवणे, औषधे व डायपर मागवणे, विम्याचे दावे भरणे, हे सगळे माझ्याकडे आहे. ब्युरोवाल्यांकडे माझाच नंबर आहे, वहिनींचा नाही. भारतात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आमच्याकडे आदल्या दुपारचे साडेचार झालेले असतात, त्यामुळे रात्रीच्या मावशींना काही अडले तर पहिला फोन मला येतो आणि खरोखरच गरज असेल तरच मी भावाला उठवतो. वर्षातून एकदा मी तीन आठवडे जातो, त्या काळात भाऊ आणि वहिनी घरात नसतात. हा नियम वहिनींनी घातला आणि तो अतिशय शहाणपणाचा आहे, कारण त्या घरात असल्या तर मी पाहुणाच होऊन बसतो.

तुमच्या दिरांना रविवार सकाळऐवजी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करायला सांगा. त्यांच्याकडे सकाळच असेल. पिशवी घेऊन दाराशी उभी असलेली आई त्यांना एकदा दिसू द्या.

परखड

माझे मत कदाचित आवडणार नाही. आमच्या आईने आमच्या आजीचे नऊ वर्षे केले, तेव्हा ब्युरोही नव्हते आणि वाटणीचे तक्तेही नव्हते. घरच्या माणसाचे करताना तास मोजू लागलो तर घर आणि रुग्णालय यांत फरक काय राहिला?

पारिजात

परखड, तुमच्या आईंना त्या नऊ वर्षांबद्दल कोणी कधी विचारले आहे का? त्या काळी घरात माणसे अधिक होती, शेजारच्या काकू वाटीभर आमटी घेऊन येत आणि तासभर बसत. हे सारे मदतीचे जाळे होते, फक्त त्याला कोणी तसे म्हणत नसे. आता ते जाळे गेले आणि अपेक्षा तेवढी राहिली.

आकडेमोड

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कोणाची ना कोणाची काळजी घेण्याचे काम करतात आणि पुरुषांमध्ये हेच प्रमाण २१.४ टक्के आहे. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात, तर पुरुष ७४ मिनिटे. यात मुलांचे करणेही धरलेले आहे, म्हणून हा आकडा केवळ वृद्धांच्या शुश्रूषेचा समजू नये. दुसरीकडे, देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्क्यांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की परखड यांच्या आजींची गोष्ट एका घरापुरती राहत नाही.

न्यायवाट

कायद्याची एक बाजू येथे मांडणे आवश्यक वाटते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यात 'अपत्य' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. म्हणजे ज्या व्यक्तीकडून समाज सर्वाधिक अपेक्षा करतो, तिचे नाव कायद्याच्या यादीत नाही आणि ज्या लेकीला 'परक्या घरची' म्हणून सोडून दिले जाते, तिच्यावर जबाबदारी मुलाइतकीच आहे. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात १९८७ सालीच सांगितले आहे.

या अधिनियमाखाली उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये असून अर्ज सामान्यतः ९० दिवसांत निकाली काढावा लागतो. मुलांनी सांभाळ करावा या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि मुलांनी ती अट पाळली नाही, तर कलम २३ नुसार ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहिलेली असणे मात्र फार महत्त्वाचे ठरते.

कृष्णाकाठ यांनी न्यायाधिकरणात जावे असे मी मुळीच सुचवत नाही. हा कायदा पैसा मिळवून देतो, तास मिळवून देत नाही. मात्र एक व्यावहारिक गोष्ट लगेच पाहावी. सासूबाईंनी कोणाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले असेल, तर त्यांची समज पूर्णपणे गेल्यावर ते कायद्याने चालत नाही, आणि त्यानंतर त्यांच्या नावावरच्या ठेवी किंवा घर यांबाबत काही करायचे झाले तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ शकते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मधील सोपी पालकत्वाची व्यवस्था स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरती आहे. स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. ज्यांच्या घरी निदान नुकतेच झाले आहे, त्यांनी संयुक्त खाती, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही कामे रुग्णाला स्वतःला समजत आहे तोवर उरकून घ्यावीत.

मुख्याध्यापक_निवृत्त

माझे वय ७६ आहे. पत्नीला कंपवात (पार्किन्सन्स) होऊन बरीच वर्षे झाली. मी तिला न्हाऊ घालतो, वेणी घालतो, आणि कुकरही लावतो. आमच्या सोसायटीत याबद्दल माझे एवढे कौतुक होते की मला संकोच वाटतो, कारण समोरच्याच सदनिकेत एक बाई आपल्या दिराचे आणि सासऱ्याचे मिळून माझ्या दुप्पट करत आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तेथे आम्ही जात असू. तेथील सभांमध्ये व्यायाम आणि आहार यांवर व्याख्याने होतातच, पण माझ्या दृष्टीने खरा उपयोग चहाच्या वेळी होत असे. उंबरठ्याशी पाय खिळून राहिले तर जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात म्हणजे पाऊल उचलले जाते, ही युक्ती मला एका गृहस्थांनी कप हातात धरूनच सांगितली. स्मृतिभ्रंशासाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते, तर मुंबईत डिग्निटी फाउंडेशन आहे. कृष्णाकाठ, आपण स्वतःसाठी जावे. सासूबाईंना तेथे नेण्याचा हट्ट धरू नये.

पांढरी_टोपी

मी निवृत्त परिचारिका आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण दोन दिवसांत एकाएकी बिघडला, भलतेच दिसू लागले किंवा झोप उडाली, तर "आजार वाढला" असे घरच्या घरी ठरवू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणे, शौचाला न होणे किंवा नवे औषध, यांपैकी काही असू शकते, आणि ते बरे होणारे असते. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी आहे म्हणून ते टाळू नये.

आता काळजी घेणाऱ्यांविषयी. रात्री चार वेळा उठणाऱ्या माणसाचा हात एखाद्या दिवशी उगारला जातो. मी अशा चांगल्या घरांतल्या, चांगल्या माणसांना माझ्यासमोर रडताना पाहिले आहे. तो क्षण येण्यापूर्वी खोलीबाहेर जावे, दार ओढून घ्यावे, रुग्ण पाच मिनिटे एकटा ओरडला तरी चालेल. झोप सलग मिळत नसेल, जेवण उभ्याने होत असेल, स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरली जात असेल, तर दुसरा रुग्ण तयार होत आहे असे समजावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतून बोलता येते आणि काळजी घेणाऱ्यानेही फोन करावा. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ वर आहे.

आकडेमोड

सत्तरीपुढील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी येणाऱ्या मावशींचा पगार, डायपर, हवेची गादी यांपैकी काहीही त्यात बसत नाही, आणि स्मृतिभ्रंशाचा जवळजवळ सारा खर्च तर याच गोष्टींचा असतो.

गोदातीर

मावशींचीही बाजू कोणी तरी लिहायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या बाई मूळच्या बीडकडच्या. त्यांची स्वतःची सासू गावाकडे अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचे त्यांची चौदा वर्षांची मुलगी करते. आम्ही ब्युरोला जे देतो त्यातला बराच भाग त्यांच्या हाती पडत नाही. चोवीस तासांच्या कामाला त्या राहतात तेव्हा त्यांना झोपायला जागा, गरम जेवण आणि आठवड्याची सुट्टी मिळते का, हे ब्युरो विचारत नाही. ते आपणच ठरवायचे असते. घरातली वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय त्यांच्यावर जातो, आणि स्मृतिभ्रंशाच्या घरात तर वस्तू रोजच हरवतात. आमच्या आजीची पाटली पिठाच्या डब्यात निघाली, तोवर दोन बाई काम सोडून गेल्या होत्या. पगारी सुट्टी द्या, त्या दिवसासाठी घरातल्या माणसाचे नाव आधीच लिहून ठेवा, आणि दागिने काढून ठेवा.

सोलापूरची_थोरली

हा सगळा धागा वाचताना मला थोडा हेवा वाटला, हे लिहिते. तुमच्याकडे वाटून घेण्यासाठी माणसे आहेत. माझ्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. आता तो ४८ वर्षांचा आहे, आईवडील नाहीत, मी अविवाहित आहे आणि आम्ही दोघेच आहोत. म्हातारपणाच्या आजारात लोक निदान भेटायला येतात. या आजारात ते जिना चढत नाहीत. माझ्या कार्यालयात मी "भावाला बरे नाही" एवढेच सांगते.

पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनबद्दल मला फार उशिरा कळले. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मानसिक आजार येतो, त्यामुळे भावाचे दिव्यांग प्रमाणपत्र निघाले आणि प्रवासाच्या सवलतीपासून आयकरातील वजावटीपर्यंत काही सोयी झाल्या. पण मला आठ दिवस दवाखान्यात राहावे लागले, तर त्याला विश्वासाने कोठे ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या शहरात मला मिळालेले नाही. पुण्या-मुंबईत खासगी निवासी केंद्रे आहेत, त्यांचे महिन्याचे शुल्क माझ्या पगाराएवढे आहे.

पांढरी_टोपी

थोरली, तुमच्या गावातल्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील समाजसेवकांना भेटून, तुम्ही दाखल झालात तर काय करायचे, याची लेखी नोंद भावाच्या केसपेपरवर करून ठेवा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार त्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, नेमता येतो. तुमच्याशिवाय विश्वासातले दुसरे कोण आहे, एखादा चुलतभाऊ किंवा जुना मित्र, याचा त्याच्याबरोबर बसून आताच विचार करा. राहण्याच्या जागेचा प्रश्न यातून सुटणार नाही, हे मला कळते.

परखड

पारिजात यांनी विचारले म्हणून आईला फोन केला. ती म्हणाली, "त्या नऊ वर्षांत मी एकदाही माझ्या बहिणीच्या घरी राहायला गेले नाही, आणि ती गेली." यापुढे मला काही लिहायचे नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. अटलांटिकपार यांनी सुचवल्याप्रमाणे दिरांना संध्याकाळी सात वाजता फोन लावायला सांगितले. पहिल्या दिवशी सासूबाई त्यांना "तुम्ही कोण? मला कऱ्हाडच्या गाडीत बसवून द्याल का?" असे म्हणाल्या. दीर बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी "मी आलोच न्यायला, तोवर मेथी निवडून ठेव" असे म्हटले आणि त्या खरोखरच बसल्या. आता सोमवार ते शुक्रवार ती वेळ त्यांनी घेतली आहे. त्या अर्ध्या तासात मी कुकर लावते किंवा काहीच करत नाही.

नणंदबाईंशी पती बोलले नाहीत, मीच बोलले. "लागलं तर सांग" याच्या उत्तरादाखल मी दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार मागितला. त्यांच्या सासूबाईंचेही गुडघे दुखतात, मुलाचे बारावीचे वर्ष आहे, हे मला ठाऊक होते. त्यांनी एक दिवस आणि रात्र कबूल केली आहे. मला दोन दिवस हवे होते. सातारा गाठून, आईजवळ बसून, तिच्या फिजिओथेरपिस्टना भेटून एका दिवसात परतणे ओढाताणीचे होते, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी जादा मावशी घ्यायच्या आणि त्यांचा पगार दिरांनी द्यायचा, असे मी कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. ब्युरोकडे कोणाचा नंबर द्यायचा, यावर मात्र घरात वाद सुरू आहे. न्यायवाट यांनी लिहिलेल्या कुलमुखत्यारपत्राची तपासणी पतींनी स्वतःहून अंगावर घेतली. सासूबाईंना केंद्र सरकारचे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत न्यावेच लागते का, हे कोणी सांगेल का?

आकडेमोड

न्यावे लागत नाही. मोबाइलवर चेहरा ओळखून 'जीवन प्रमाण' हा हयातीचा डिजिटल दाखला घरबसल्या काढता येतो, आणि सत्तरीपुढील खातेदारांना बँकांनी घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे, हे तुम्हाला बँकेत असल्यामुळे ठाऊक असेलच. त्या ८० पूर्ण करतील तेव्हापासून हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येईल. चेहरा टिपण्याचे काम सकाळी करा, तिन्हीसांजेला नको.